किल्ली हाती देण्यापूर्वी

दहावीचा निकाल लागला की दवाखान्यात पेढ्यांचे पुडे येऊ लागतात. ज्या बाळांना आपण पहिली लस टोचली, ती बाळे आता मिसरूड फुटलेली, उंचीने आपल्याला मागे टाकणारी झालेली असतात. पेढ्यांबरोबर आणखी एक बातमी हमखास येते, "डॉक्टर, याला आता अ‍ॅक्टिवा घेतली!" पालकांच्या आनंदामागे सोयीचा भागही मोठा असतो. बडोद्यात घरापासून शाळा, शाळेपासून एक क्लास आणि तेथून दुसरा क्लास अशी मुलांची दिवसभर धावाधाव चालते. रिक्षा रोज परवडत नाही, आणि आई-बाबा दोघेही नोकरीवर असतात. तेव्हा गाडी घेणे ही चैन नसून गरज आहे, असे पालक सांगतात व त्यात तथ्यही आहे.

पण बालरोगतज्ज्ञाला या बातमीची दुसरी बाजूही दिसते. माझ्या विद्यार्थिदशेत बालरोग विभागातील खाटा गोवर, घटसर्प, धनुर्वात आणि अतिसाराच्या रुग्णांनी भरलेल्या असत. लसीकरण, जलसंजीवनी आणि सुधारलेले पोषण यांमुळे ते चित्र पुष्कळ पालटले. आता जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार ५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंचे जगातील पहिले कारण रस्ते अपघात हे आहे. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. त्या एका वर्षात हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा मृत्यू झाला आणि त्यांतील १४,३३७ जण मागे बसलेले होते. एवढी जीवितहानी करणारा एखादा जंतू असता तर आपण त्याच्याविरुद्ध राष्ट्रीय मोहीम उघडली असती.

या रोगाची 'लस' म्हणून प्रशिक्षणाचे नाव घेतले जाते. ते योग्यच आहे. मात्र कोणते प्रशिक्षण, किती आणि कोणत्या क्रमाने, यांची उत्तरे आपण समजतो तितकी सरळ नाहीत. त्यांचा विचार करावा, हा या लेखाचा हेतू आहे.

कायदा काय सांगतो?

प्रथम कायद्याविषयी, कारण सुशिक्षित घरांतही त्याबद्दल गैरसमज आढळतात. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे पालकांच्या लेखी संमतीने सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, हे खरे. पण तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीसाठी असतो. आपल्या घरांसमोर उभ्या असलेल्या स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या आहेत. त्या चालवण्यास अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. म्हणजे 'सोळा वर्षांचा परवाना आहे' असे सांगून ११० सीसीची गाडी चालवणारा मुलगा कायद्याच्या दृष्टीने विनापरवानाच असतो.

२०१९ च्या दुरुस्तीने यात कलम १९९ अ आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळू शकत नाही. आपल्याला हे माहीत नव्हते, किंवा ते टाळण्याची योग्य ती खबरदारी आपण घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावर असते. ज्यांनी स्वतः किल्ली दिली, त्यांना हा बचाव कसा करता येणार?

२५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या विजेवरील दुचाकीला, ठरवून दिलेल्या अटी पाळल्यास, परवाना लागत नाही. ही सवलत अनेक घरांना सोयीची वाटते. पण परवान्याची गरज नसली तरी प्रशिक्षणाची गरज उरतेच. ताशी २५ किलोमीटर वेगाने डोके दगडी कठड्यावर आपटले, तर कवटी परवान्याची चौकशी करत नाही.

हात तयार, नजर कच्ची

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना बालरुग्ण अपघातात सापडला. अकरावीतला हुशार, समंजस मुलगा. संध्याकाळी क्लास सुटल्यावर दोन मित्रांना मागे घेऊन निघाला असता, कडेला उभी असलेली रिक्षा एकाएकी वळली. तिघांपैकी कोणाच्याच डोक्यावर हेल्मेट नव्हते. मित्र हाता-पायांच्या अस्थिभंगावर बचावले. याला मेंदूला मार बसला. जीव वाचला, परंतु बारावी व्हायला दोन वर्षे अधिक लागली, आणि अजूनही सकाळी वाचलेले संध्याकाळी आठवत नाही. अतिदक्षता विभागाबाहेर त्याचे वडील मला एकच वाक्य पुनःपुन्हा सांगत होते, "डॉक्टर, त्याला गाडी तर फार छान येत होती हो."

ते खोटे सांगत नव्हते. मुलाला गाडी खरोखरच छान येत होती. तोल सांभाळणे, वळवणे, थांबवणे ही स्नायूंची कौशल्ये आहेत आणि सोळा-सतरा वर्षांचे शरीर ती आपल्यापेक्षा लवकर आत्मसात करते. पण रस्त्यावरची सुरक्षितता हातापेक्षा नजरेवर आणि निर्णयावर अवलंबून असते. नवख्या चालकांच्या नेत्रहालचालींचा अभ्यास अमेरिकेत मोरंट आणि रॉकवेल यांनी १९७२ साली प्रसिद्ध केला. नवखे चालक वाहनाच्या अगदी पुढच्या रस्त्याकडेच अधिक पाहतात व आरशांकडे कमी पाहतात, असे त्यात दिसले. अनुभवी चालकाची नजर दूरवर आणि दोन्ही बाजूंना सतत फिरत असते. कडेला उभ्या रिक्षाचे पुढचे चाक किंचित वळलेले त्याला दिसते, आणि रिक्षा हलण्याआधीच त्याचा अंगठा हॉर्नवर व बोटे ब्रेकवर गेलेली असतात. ही धोका हेरण्याची शक्ती पाठांतराने येत नाही. ती शेकडो प्रसंग पाहून मुरते.

दुसरे कारण मेंदूच्या वाढीत आहे. ललाटखंडाचा पुढचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, आवेगाला लगाम घालतो व परिणामांचा विचार करतो. त्याची परिपक्वता विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. थरार आणि मित्रांची वाहवा यांना प्रतिसाद देणारी केंद्रे मात्र त्याच्या बरीच आधी जागी झालेली असतात. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किशोर, तरुण व प्रौढ यांना संगणकावर वाहन चालवण्याचा खेळ दिला होता. एकटे असताना किशोर प्रौढांच्या पुष्कळ जवळ होते. मित्र पाहत असताना मात्र त्यांनी पत्करलेला धोका सुमारे दुपटीने वाढला, तर प्रौढांत तसा फरक पडला नाही. म्हणून "आमचा मुलगा शांत आहे" हे पालकांचे वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. तो घरी शांत असतो, आणि एकटा असताना शांत असतो.

नुसते शिकवणे पुरते का?

यावर सहज सुचणारा उपाय असा : शाळेत विषय ठेवा, तज्ज्ञांची व्याख्याने ठेवा, अभ्यासक्रम वाढवा. अमेरिकेने हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिले. जॉर्जिया राज्यातील डीकाल्ब परगण्यात १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे १६,००० विद्यार्थ्यांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागले गेले. एका गटाला सुमारे सत्तर तासांचे परिपूर्ण वाहन-शिक्षण, दुसऱ्याला जुजबी शिक्षण आणि तिसऱ्याला शाळेकडून काहीच नाही. परवाना मिळाल्यानंतरच्या आरंभीच्या काळात थोडा लाभ दिसला, पण तो टिकला नाही. पुढे अशा शालेय कार्यक्रमांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. शिक्षणामुळे मुलांना परवाना लवकर मिळतो, ती लवकर रस्त्यावर येतात आणि त्यामुळे अपघातांची संधी वाढते.

नॉर्वेचा अनुभव अधिकच विचार करायला लावणारा आहे. बर्फाळ रस्त्यावर घसरणारी गाडी सावरण्याचे प्रशिक्षण तेथे १९७९ मध्ये नव्या चालकांना सक्तीचे झाले. त्यानंतर तरुण मुलांचे निसरड्या रस्त्यावरील अपघात कमी होण्याऐवजी वाढले. गाडी सावरता येते या विश्वासाने त्यांचा वेग वाढला असावा, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. आपल्याकडे 'आठ' काढता आला की परवाना मिळतो. गुजरातेत त्यासाठी सेन्सर लावलेले स्वयंचलित मार्ग आहेत. चाचणी निःपक्षपाती झाली, ही चांगलीच गोष्ट. पण आठ काढणे ही हाताची परीक्षा आहे. त्या मार्गावर वळणारी रिक्षा नसते, गाय नसते आणि मागे बसून "अरे, घाल की पुढे!" म्हणणारा मित्रही नसतो.

पायरीपायरीने परवाना

मग गुण कशाचा येतो? त्याचे उत्तर न्यूझीलंडने १९८७ मध्ये दाखवले. तेथे परवाना एकदम न देता तीन पायऱ्यांनी देण्यास सुरुवात झाली. पहिल्या पायरीत अनुभवी चालक शेजारी बसल्याशिवाय गाडी चालवायची नाही. दुसऱ्या पायरीत एकट्याने चालवता येते, पण रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत नाही व सोबत्यांना घेऊनही नाही. या काळात जबाबदारीने वागल्यावरच पूर्ण परवाना मिळतो. पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिकेतील राज्यांनी अशा पद्धती स्वीकारल्या. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २००७ पासून एकवीस वर्षांखालील शिकाऊ चालकाला देखरेखीखालील १२० तासांच्या सरावाची नोंद दाखवावी लागते.

परिणाम मोजले गेले आहेत. अमेरिकेत ज्या राज्यांचे नियम सर्वांत परिपूर्ण होते, तेथे सोळा वर्षांच्या चालकांचे प्राणघातक अपघात सुमारे ३८ टक्क्यांनी कमी आढळले. स्वीडनने १९९३ मध्ये परवान्याचे वय अठराच ठेवून देखरेखीखालील सराव सोळाव्या वर्षापासून करण्यास मुभा दिली. ज्यांनी तिचा लाभ घेतला त्यांचा सराव सरासरी ४०-५० तासांवरून सुमारे ११८ तासांवर गेला आणि परवान्यानंतरचा अपघाताचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. सोबत्यांवरील निर्बंधालाही आधार आहे. अमेरिकेतील सोळा-सतरा वर्षांच्या चालकांत, एकट्याने चालवताना असलेल्या मृत्यूच्या धोक्याच्या तुलनेत, तीन किंवा अधिक सोबती असताना तो सुमारे तिप्पट आढळला.

आपण डॉक्टरांनी यात ओळखीचे तत्त्व पाहावे. लसीची एक मोठी मात्रा एकदाच देऊन आयुष्यभराची प्रतिकारशक्ती येत नाही. ठराविक वयात, ठराविक अंतराने प्राथमिक मात्रा आणि मग बूस्टर द्यावा लागतो. पाठ दिलेले व्याख्यान ही एकच मात्रा झाली. पायऱ्यांचा परवाना हे संपूर्ण वेळापत्रक आहे. आपल्या दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिराची आठवण बडोदेकरांना करून द्यायला नको. मल्लखांबावर पहिल्याच दिवशी टोकाला कोणी चढवत नाही. आधी अंग तयार, मग पकड, मग उंची, आणि खाली वस्ताद उभा. वाहनाच्या बाबतीत मात्र आपण मुलाला थेट टोकावर चढवतो आणि वस्तादाला घरी पाठवून देतो.

येथे एक इशारा द्यायला हवा. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबलो म्हणजे काम झाले, असे नाही. अमेरिकेत पायऱ्यांचे निर्बंध बहुधा अठरा वर्षांखालील मुलांनाच असतात. २०११ मधील एका मोठ्या अभ्यासात सोळा वर्षांच्या चालकांचे प्राणघातक अपघात घटलेले, पण अठरा वर्षांच्यांचे काहीसे वाढलेले दिसले. पायऱ्या चुकवून अठराव्या वर्षी एकदम रस्त्यावर येणाऱ्यांचा यात वाटा असावा, असे एक स्पष्टीकरण आहे. वय वाढल्याने समज येते. सराव मात्र केल्यानेच होतो.

आपल्या घरातले वेळापत्रक

हे सारे अभ्यास मुख्यत्वे मोटारींचे आहेत. आपल्या मुलांचे पहिले वाहन दुचाकी असते आणि मागे बसलेल्या पालकाचा हात ब्रेकवर पोहोचत नाही. शिवाय आपल्या कायद्यात पूर्ण पायऱ्या नाहीत. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, परंतु तीस दिवसांनंतर चाचणी देता येते. शिकाऊ काळात लाल 'एल' लावायचा असतो आणि मागे परवानाधारक शिकवणाऱ्याखेरीज कोणालाही बसवता येत नाही. मोटारीसाठी २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचा नियम आला, व त्यात २९ तासांचा अभ्यासक्रम ठरवला आहे. ही प्रगतीच आहे. तरीही उरलेल्या पायऱ्या घरातच बांधाव्या लागतील. मी पालकांना जे सुचवतो ते पुढे देत आहे.

पहिली पायरी, दहा-बारा वर्षांपासून. मूल मागे बसलेले किंवा मोटारीत शेजारी असताना त्याला 'रस्ता वाचायला' सांगावे. पुढे काय होऊ शकेल ते त्याने मोठ्याने बोलायचे : "उभ्या मोटारीत माणूस आहे, दार उघडेल. चेंडू आला, मागून मूल येईल. डबक्याखाली खड्डा असेल. दुभाजकाच्या फटीतून कोणीतरी उलट येईल." ब्रिटनने नोव्हेंबर २००२ पासून परवान्याच्या लेखी परीक्षेला चित्रफितींवरून धोका ओळखण्याची चाचणी जोडली. आपल्याला ती रोज शाळेच्या वाटेवर फुकट घेता येते. त्याच वयात सायकल हवी. डावी बाजू, हात दाखवणे आणि मागे वळून पाहणे हे सारे सायकलवर शिकता येते, आणि चुकीची किंमत बहुधा गुडघा खरचटण्यावर भागते.

दुसरी पायरी, अठरा पूर्ण झाल्यावर शिकाऊ परवान्याचे सहा महिने. तीस दिवसांनी चाचणीची घाई करू नये. आठवड्याला दोन तास धरले तरी सहा महिन्यांत पन्नास तास होतात. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर सुरुवात करावी. पुढे शांत गल्लीत पालकाने मागे बसावे, आणि नंतर स्वतःच्या गाडीवरून मागोमाग जाऊन प्रत्येक थांब्यावर बोलावे. लसीकरणाच्या कार्डासारखी एक वही ठेवावी : तारीख, रस्ता, वेळ, हवामान आणि पालकाची सही. पावसाचा, संध्याकाळचा आणि गर्दीचा रकाना रिकामा दिसला, तर मुलगा अजून तयार नाही असे समजावे.

मैदानावर ब्रेकचा सराव अवश्य व्हावा. गिअर नसलेल्या स्कूटरचा डाव्या हाताचा ब्रेक मागच्या चाकाचा असतो व उजव्या हाताचा पुढच्या. ब्रेक दाबताच वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो. नवखी मुले त्याला घाबरून फक्त मागचा दाबतात आणि चाक घसरते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांत दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली, पण घरातल्या जुन्या गाड्यांत ती असेलच असे नाही. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक क्रमाने घट्ट करत नेणे हे वीस, मग तीस किलोमीटर वेगाला पुनःपुन्हा करावे. त्याबरोबर एक हिशेबही समजावून द्यावा. ताशी ४० किलोमीटर वेगाला, संकट दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर साधारण २७ मीटर लागतात, तर ६० ला साधारण ४८. वेग दीडपट होतो, पण आघाताची शक्ती सव्वादोन पट होते. पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल आणि धूळ यांचा चिखल होतो, तेव्हा हे अंतर आणखी वाढते.

तिसरी पायरी, पूर्ण परवान्यानंतरचे पहिले वर्ष. सर्वाधिक धोका पहिल्या काही महिन्यांत असतो. नेमकी हीच वेळ आपण 'आता आला परवाना' म्हणून निर्धास्त होतो. या वर्षासाठी घरचे नियम कागदावर लिहून दोघांनी सही करावी. रात्री दहानंतर गाडी नाही. पहिले सहा महिने मागे मित्र नाही, आणि तिघे कधीच नाहीत. महामार्ग नाही. फोन डिकीत राहील. "घरी न्यायला या" असा फोन कितीही वाजता आला तरी, कोणताही प्रश्न न विचारता, आई-बाबा जातील. हे शेवटचे कलम पालकांसाठी आहे, आणि बाकीची कलमे त्याच्यावरच उभी आहेत.

बडोदेकरांना दोन प्रसंग वेगळे सांगायला हवेत. नवरात्रात रात्र, झोपेची तूट, मित्रांची टोळी आणि उत्साह हे चारही घटक नऊ दिवस एकत्र येतात. गरब्याला जाऊ द्यावे, जरूर जाऊ द्यावे, पण नवख्या चालकाला गाडी देऊ नये. चार घरांतील पालकांनी पाळीपाळीने मोटार काढली तर प्रत्येकाला दोन-तीन रात्रीच जागावे लागेल. दुसरा प्रसंग उत्तरायणाचा. मांज्याने गळा कापण्याच्या घटना दरवर्षी घडतात. जानेवारीत हँडलला वाकवलेली सळई, गळ्याभोवती जाड रुमाल, हेल्मेटची काच खाली आणि वेग मंद, हे पाळावे. त्या दोन दिवसांत चारचाकी असेल तर तीच बरी.

हेल्मेटविषयी एवढेच सांगतो. मोटारसायकलस्वारांवरील अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के व डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्के कमी आढळला आहे. जून २०२१ पासून विक्रीच्या हेल्मेटला आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. ते डोक्याला घट्ट बसावे, हनुवटीखाली पट्टा लावलेला असावा, आणि एकदा जोराचा आघात झालेले हेल्मेट टाकून द्यावे. घरात गाड्या दोन आणि माणसे चार असतील, तर हेल्मेटे चार हवीत.

आपण डॉक्टर काय करू शकतो?

खाजगी वाहनाच्या परवान्यासाठी तरुण अर्जदाराला प्रकृतीविषयी स्वतःचे निवेदन पुरते. तो डॉक्टरांसमोर येत नाही. पण बालरोगतज्ज्ञाकडे एक संधी असते. राष्ट्रीय वेळापत्रकात सोळाव्या वर्षी टीडीची मात्रा आहे. त्या भेटीत पाच मिनिटे वाहनासाठी राखून ठेवावीत. गाडी चालवतोस का, कोणती, मागे कोण बसते, हेल्मेट कुठे आहे, हे सहज गप्पांत विचारावे. दूरची दृष्टी तपासावी, कारण शाळकरी वयात वाढलेला चष्म्याचा नंबर कित्येकदा गाडीवर बसेपर्यंत ध्यानात येत नाही. झटक्यांचा विकार असलेल्या मुलांना वाहनाबाबत स्पष्ट सूचना द्याव्यात. अतिचंचलतेच्या मुलांचा सराव जास्त काळ व कडक देखरेखीखाली व्हावा. सर्दीसाठी गुंगी आणणारे औषध लिहिताना 'आज गाडी नाही' हे चिठ्ठीवर लिहावे. किशोरवयात झोपेचे घड्याळ निसर्गतःच पुढे सरकलेले असते. रात्री बारा वाजता झोपून पहाटे साडेपाचच्या क्लासला निघालेला मुलगा अर्धवट झोपेतच स्कूटरवर असतो, हेही पालकांच्या कानावर घालावे.

आणि स्वतःकडेही पाहावे. मूल आपल्या मागच्या सीटवर बसून दहा-बारा वर्षे शिकत आलेले असते. लाल दिव्याला आपण थांबलो की नाही, 'इथेच तर जायचंय' म्हणून हेल्मेट हँडलला अडकवले की नाही, ऑपरेशन थिएटरचा फोन गाडी चालवताना घेतला की नाही, हे त्याने पाहिलेले असते. सोळाव्या वर्षी दिलेले आपले व्याख्यान त्याला त्यापेक्षा खरे वाटणार नाही.

आपल्या मंडळापुढे एक सूचना ठेवतो. वर्षातून एकदा, परीक्षा संपल्यावर, एखादे मैदान घेऊन अर्ध्या दिवसाचे शिबिर भरवावे. नेत्रतज्ज्ञांनी दृष्टी तपासावी, अस्थिरोगतज्ज्ञ व मेंदूशल्यविशारदांनी पालकांशी बोलावे, परवानाधारक शिक्षकांनी ब्रेकचा सराव घ्यावा, आणि प्रत्येक कुटुंबाला सरावाची वही द्यावी. वही भरण्याचे काम शिबिरानंतर सहा महिने घरी चालेल. खरा गुण त्या सहा महिन्यांत आहे, शिबिर हे निमित्त. ज्या बडोदे संस्थानाने १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे केले, त्या गावच्या आपल्या लोकांना शिक्षणाचे महत्त्व पटवून द्यावे लागू नये. अक्षरे शिकवायला त्या काळी वर्षे लागत, हे सर्वांनी मान्य केले होते. रस्ता शिकायलाही तेवढाच धीर लागतो. येत्या सुट्टीत आपल्यापैकी पंचवीस घरांनी जरी अशी वही सुरू केली, तरी पुढच्या स्मरणिकेत तिच्या अनुभवावर लिहिता येईल. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी शिबिराची तारीख ठरवावी. माझी एक सकाळ मी आताच राखून ठेवली आहे.